देवळाला भक्त, मंडळीला सभासद: रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा वाढला

१९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतलं सिर्टा शहर, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन. ख्रिस्ती लोक जिथे प्रार्थनेला जमत, त्या घरावर सरकारी माणसं आली. ख्रिस्ती वास्तू पाडा आणि धर्मग्रंथ जाळा, असा सम्राट डायोक्लेशनचा हुकूम होता. शहराच्या कारभाऱ्याने झडती घेतली, कारकुनाने पंचनामा लिहिला आणि तो आजही वाचायला मिळतो. सोन्याचे दोन पेले. चांदीचे सहा. चांदीचे सात दिवे. साखळीला टांगायचे कांस्याचे अकरा दिवे. त्यानंतर बायकांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड आणि बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड.

सोनं-चांदी कुठल्याही रोमन देवळात सापडलं असतं, बहुधा याहून जास्तच. बायकांची पादत्राणं सापडली नसती. गावातल्या विधवेच्या पायात काय आहे, याची चौकशी करणं हे ज्युपिटरच्या पुजाऱ्याचं कामच नव्हतं. सिर्टाचे हे कपडे गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले असावेत. तीनशे वर्षांत हा धर्म मूठभर लोकांवरून लाखोंवर कसा गेला, याचं मला पटणारं उत्तर याच यादीत आहे. रोमन देवळांना भक्त पुष्कळ होते, पण सभासद नव्हते. ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे प्रत्येक शहरातल्या ख्रिस्ती लोकांच्या संघटित समुदायाला, सभासद होते.

हे नीट कळण्यासाठी आधी रोमन माणसाचा धर्म कसा होता ते पाहावं लागेल.

देव अनेक. घरचे वेगळे, गावाचे वेगळे, साम्राज्याचे वेगळे. देवाशी नातं मुख्यतः देण्याघेण्याचं. नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'नवस आनंदाने, देवाच्या योग्यतेला साजेसा फेडला' अशा अर्थाची ठरावीक अक्षरं कोरलेले हजारो दगड ब्रिटनपासून सीरियापर्यंत सापडले आहेत. पुजारीपण हे बहुतेक ठिकाणी सार्वजनिक पद होतं आणि शहरातले प्रतिष्ठित लोकच ते भूषवत. सम्राट स्वतः सर्वोच्च पुजारी असे. इजिप्तची इसिस, आशिया मायनरची सिबिली, सैनिकांचा लाडका मिथ्रास असे बाहेरून आलेले देवही रोमन जगात सुखाने नांदले, कारण नवा देव धरला म्हणून जुना सोडावा लागत नसे. मिथ्रासची दीक्षा घेतलेला शिपाई दुसऱ्या दिवशी ज्युपिटरला बळी द्यायला मोकळा होता. मिथ्रासच्या पंथात सभासदत्व होतं हे खरं, पण बायकांना तिथे प्रवेश नव्हता.

या जगात वेगळी होती ती यहुदी वस्ती. अलेक्झांड्रिया, अंत्युखिया, रोम, इफिस अशा प्रत्येक मोठ्या शहरात यहुद्यांचं सभास्थान असे. आठवड्यातून एकदा जमायचं, ग्रंथ वाचायचा, आपल्यातल्या गरजूंची सोय पाहायची, परगावाहून आलेल्या यहुद्याला आसरा द्यायचा. त्यांचा देव एकच आणि तो दुसऱ्या देवाला जवळ येऊ देत नसे. रोमनांना हे विक्षिप्त वाटे, पण प्राचीन रिवाज म्हणून ते खपवून घेत. रोमन मनात 'जुनं' या गोष्टीला फार किंमत होती. सभास्थानांच्या अवतीभवती आणखी एक वर्ग होता: यहुदी देवाबद्दल आदर असलेले, त्यांची नीती आवडणारे, पण सुंता करून घ्यायला तयार नसलेले ग्रीक आणि रोमन लोक. 'देवाचं भय बाळगणारे' असा त्यांचा उल्लेख येतो. ते उंबरठ्यापर्यंत आलेले होते, आत जाण्याची किंमत मात्र जबर होती.

येशूला रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने वधस्तंभावर खिळलं गेलं ते साधारण इ.स. ३० मध्ये. त्याचे पहिले अनुयायी सगळे यहुदी. इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात या अनुयायांच्या पुढाऱ्यांची बैठक झाली. प्रश्न एकच होता: यहुदी नसलेल्या माणसाला आत यायचं असेल तर सुंता करावी लागेल का? निकाल लागला की नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात, पुढे ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कुठल्याही लढाईपेक्षा हा निकाल मोठा आहे. सभास्थानाचं सभासदत्व, त्यातली माया, शिस्त आणि एकच देव, हे सारं आता बाप्तिस्मा घेऊन कुणालाही मिळू शकत होतं.

घर, दुकान, पत्र

तार्सचा पौल हा आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक या निकालाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता. पौल म्हटलं की चौकात उभं राहून गर्दीला उपदेश करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तेही त्याने केलं, पण माणसं जोडली ती वेगळ्या तऱ्हेने. तो राहुट्या करणारा कारागीर होता. ग्रीसमधल्या करिंथला गेला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला, कारण त्यांचाही धंदा तोच. सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोममधून बाहेर काढलं तेव्हा हे दोघं तिकडून आले होते. ग्रीसमधल्याच डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखात त्या प्रांताचा सुभेदार गल्लियो याचा उल्लेख आहे. त्यावरून पौलाचा करिंथमधला मुक्काम साधारण ५१-५२ सालचा ठरतो. दुकानात बसून दिवसभर चामड्याला किंवा कापडाला टाके घालत माणूस किती लोकांशी किती वेळ बोलू शकतो, याचा विचार करा.

फिलिप्पै या शहरात त्याला लुदिया भेटली. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, स्वतःचं घर असलेली बाई. तिने बाप्तिस्मा घेतला तो आपल्या घरच्या माणसांसह. रोमन घर म्हणजे नवरा-बायको-मुलं एवढंच नव्हे. त्यात गुलाम येत, मुक्त केलेले जुने गुलाम येत, आश्रित येत. कर्ती व्यक्ती गेली की तिच्या मागे अख्खं घर जाई, कुणी मनापासून, कुणी नाइलाजाने. उलटही होई: घरातला एखादा गुलाम किंवा मालकीण आधी ख्रिस्ती होई आणि बाकीच्यांना पत्ताही नसे.

रोममधल्या मंडळीला पौलाने जे पत्र लिहिलं, त्याचा शेवटचा अध्याय लोक बहुतेक वेळा चाळून पुढे जातात, कारण तिथे नुसती नावं आहेत. इतिहासकाराला तोच अध्याय सोन्यासारखा. वीसहून अधिक माणसांना नावानिशी नमस्कार सांगितलेला आहे आणि त्यांत बायका बऱ्याच आहेत. पौल स्वतः तोवर रोमला गेलेलाच नव्हता! म्हणजे ही माणसं त्याला दुसऱ्या शहरांत भेटली होती आणि कामाधंद्याने फिरत फिरत राजधानीत पोचली होती. पत्र घेऊन गेली असावी ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातली फिबी. पौल तिची शिफारस करतो, तिला नीट वागवा म्हणून सांगतो. भूमध्य समुद्रावर चाच्यांचा उपद्रव तेव्हा कमी झालेला, रस्ते बांधलेले, पूर्वेकडे ग्रीक सगळीकडे चालणारी. व्यापारी, खलाशी, शिपाई आणि विकले जाणारे गुलाम सतत या शहरातून त्या शहरात जात. नवा धर्म त्यांच्याबरोबर गेला. ओळखीचं पत्र घेऊन परगावच्या मंडळीत गेलं की उतरायला घर मिळे.

देवळासारखी स्वतंत्र वास्तू या लोकांकडे फार काळ नव्हती. कुणाच्या तरी घरी जमायचं, एवढंच. आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं, खात्रीने ओळखता येणारं ख्रिस्ती प्रार्थनाघर युफ्रेटिस नदीवरच्या ड्युरा-युरोपस या सरहद्दीवरच्या गावात आहे. साधं राहतं घर, एक भिंत पाडून दालन मोठं केलेलं, कोपऱ्यातल्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड. काळ साधारण इ.स. २४०. त्याच गावात यहुदी सभास्थानही सापडलं आणि मिथ्रासचं मंदिरही. इराणी फौजांनी २५६ च्या सुमारास गाव उद्ध्वस्त केलं, म्हणून ते सगळं मातीखाली टिकलं.

आता थोडं गणित. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ मध्ये एक हिशोब मांडला. इ.स. ४० मध्ये १,००० ख्रिस्ती होते असं धरा आणि दर दहा वर्षांत ४० टक्के वाढ धरा, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांहूनही थोडी कमी. तर इ.स. १०० मध्ये होतात साडेसात हजार. २०० मध्ये सव्वादोन लाखांच्या आत. ३०० मध्ये एकदम ६३ लाख, म्हणजे सहा कोटींच्या साम्राज्यात दहा टक्क्यांच्या आसपास. हा हिशोब म्हणजे पुरावा नव्हे. सुरुवातीचा आकडा अंदाजाचा, दर अंदाजाचा, आणि प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ रेषेत होत नसते. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. एवढी मोठी संख्या गाठायला चमत्काराने हजारोंचे घोळके एका दिवसात वळायची गरज नाही. शंभर जणांनी वर्षभरात तीन-चार जणांना आणलं आणि आलेला माणूस परत गेला नाही, तर चक्रवाढीने बाकीचं काम होतं. खरी मेख 'परत गेला नाही' यात आहे. इसिसचा भक्त इसिसला विसरला तर कुणाच्या लक्षातही येत नसे. मंडळीत मात्र रविवारी कोण आलं नाही, हे चार जणांना कळे.

सुभेदार प्लिनीची पंचाईत

बाहेरून हे लोक कसे दिसत होते, याचं सगळ्यात चांगलं चित्र एका रोमन अधिकाऱ्याच्या पत्रात आहे. इ.स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा सुभेदार होता. हुशार, सुसंस्कृत, थोडा घाबरट. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी सम्राट ट्रेजनला पत्र लिहिणारा. त्याच्यासमोर ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेली माणसं आणली गेली. तो प्रत्येकाला तीनदा विचारी: तू ख्रिस्ती आहेस का? तीनदा 'हो' म्हणणाऱ्याला मृत्युदंड. कारण काय, तर यांचा गुन्हा काहीही असो, एवढ्या हट्टीपणाला शिक्षा व्हायलाच हवी! रोमन नागरिक असतील त्यांना रोमला रवाना केलं. पुढे एक निनावी यादी आली. नाकारणाऱ्यांना त्याने देवांची प्रार्थना म्हणायला लावली, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहायला लावलं आणि ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावल्या. काही म्हणाले, आम्ही होतो, पण सोडून दिलं, कुणी तर वीस वर्षांपूर्वीच.

मग तुम्ही करत काय होतात? उत्तर मिळालं: ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमायचं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं, शपथ घ्यायची. शपथ कसली, तर चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही. नंतर पुन्हा जमून जेवायचं, अगदी साधं जेवण. एवढ्याने प्लिनीचं समाधान झालं नाही. मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम बायकांना त्याने यातना देऊन विचारलं. 'अतिरेकी अंधश्रद्धे'पलीकडे हाती काही लागलं नाही. या दोघींची नावं त्याने लिहिली नाहीत. पण मंडळीत पद असलेल्या दोन गुलाम बायका, ही गोष्ट त्या समाजात किती नवी होती याचा विचार करावा.

याच पत्रव्यवहारातलं दुसरं एक पत्र शेजारी ठेवून वाचायला हवं. निकोमेडिया शहरात मोठी आग लागली होती. प्लिनीने विचारलं, १५० जणांचं अग्निशमन पथक उभारू का? ट्रेजन नको म्हणाला. माणसं कुठल्याही नावाखाली एकत्र आली की लवकरच त्याचं राजकीय टोळकं होतं, असं त्याचं म्हणणं. आग विझवणाऱ्यांचीही संघटना नको असणाऱ्या राज्याला दर आठवड्याला जमणाऱ्या, शपथ घेणाऱ्या, सम्राटाला धूप न दाखवणाऱ्या लोकांचं काय वाटलं असेल! रोमनांना त्रास येशूचा नव्हता. आणखी एक देव त्यांनी चालवून घेतलाच असता. त्रास होता तो बाकीचे देव नाकारण्याचा आणि जमण्याचा.

ट्रेजनचं उत्तर मात्र मध्यममार्गी होतं. यांना हुडकत बसू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, समोर आले आणि सिद्ध झालं तर शिक्षा करा. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं साधारण हेच धोरण राहिलं. म्हणजे तीनशे वर्षं अखंड छळ चालू होता, सगळे ख्रिस्ती भुयारात लपून राहत होते, हे चित्र खोटं आहे. छळ झाला तो तुटक, कुठे कुठे, बहुतेकदा स्थानिक लोकांच्या संतापातून. ६४ साली रोम जळाल्यावर सम्राट नीरोने खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, ते राजधानीपुरतं. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँत जमाव खवळला. २०३ मध्ये कार्थेजला पर्पेतुआ नावाची बाविशीतली, अंगावर पिणारं मूल असलेली बाई रिंगणात मारली गेली. तुरुंगात तिने लिहिलेलं टिपण उरलं आहे. म्हातारा बाप पाया पडून विनवतो आणि ती नाही म्हणते, तो भाग आजही वाचवत नाही. हुतात्म्यांचं रक्त हे बीज आहे, असं त्याच शहरातला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन म्हणाला होता आणि हे वाक्य फार गाजलं. त्यात तथ्य आहे, पण किती? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन स्वतःच लिहून गेला की धर्मासाठी मेलेले लोक थोडे, सहज मोजता येतील इतके. रक्ताने माणसं हललीही असतील, पण नुसतं हलणं आणि आयुष्यभर टिकणं यात अंतर आहे.

पेटी आणि पंगत

टर्टुलियनचंच दुसरं वर्णन मला जास्त उपयोगी वाटतं. मंडळीची एक पेटी असते, तो सांगतो. महिन्यातून एकदा, किंवा जमेल तेव्हा, जमेल तेवढं ज्याने त्याने टाकायचं, सक्ती नाही. हा पैसा मेजवान्यांवर जात नाही. गरिबांच्या जेवणाला आणि मातीला, अनाथ मुलामुलींना, थकलेल्या म्हाताऱ्या नोकरांना, जहाज फुटून सर्वस्व गेलेल्यांना, खाणीत किंवा तुरुंगात खितपत पडलेल्यांना तो मिळतो. हे बचावाचं भाषण आहे, त्यामुळे थोडी वाढीव भाषा धरून चाला. पण आकडेही आहेत. २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो: ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू), ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ मदतनीस, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या १,५०० हून अधिक विधवा व गरजू. एका शहरात दीड हजार माणसांची यादी ठेवणारी, त्यांना पोसणारी आणि तरीही सरकारमान्यता नसलेली संस्था! तोवर रोममध्ये असं काही कुणी पाहिलं नव्हतं. सरकारी धान्य मिळे ते ठरावीक नागरिकांना, आणि श्रीमंत माणूस दान करी ते आपलं नाव कोरलेल्या स्नानगृहासाठी.

त्याच सुमारास, २५० च्या दशकात, साम्राज्यभर भयंकर साथ फिरत होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की इतर लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून पळाले आणि आपले लोक शुश्रूषा करत करत मेले. आपल्याच माणसांची तारीफ आहे, मान्य. तरीही ज्या रोगाला औषध नाही त्यात कुणी पाणी पाजलं, पेज भरवली, तर काही माणसं वाचतातच. वाचलेला माणूस ते विसरत नाही.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इसवी सनपूर्व १ मधलं इजिप्तमधलं एक पत्र सापडलं आहे. हिलारियन नावाचा मजूर अलेक्झांड्रियाहून गरोदर बायकोला लिहितो: काळजी करू नकोस, पगार झाला की पाठवतो, आणि बाळंत झालीस तर मुलगा असेल तर ठेव, मुलगी असेल तर टाकून दे. पत्र प्रेमळ आहे, हेच त्यातलं भयंकर. नकोशी मुलं टाकणं हा त्या जगात गुन्हा नव्हता. यहुद्यांनी आणि त्यांच्यामागून ख्रिस्ती लोकांनी ते पाप ठरवलं. विधवेने पुन्हा लग्न केलंच पाहिजे असा दबावही मंडळीत नव्हता, कारण तिच्या जेवणाची सोय होती. सिर्टाच्या कोठारात पुरुषांच्या तेरा जोडांसमोर बायकांचे सत्तेचाळीस जोड का, ते इथे समजतं. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या विद्वानाने टिंगल केली होती की हा धर्म म्हणजे लोकर पिंजणारे, चांभार आणि धोबी यांचा, आणि ते बायकापोरांना कोपऱ्यात गाठून पटवतात. टिंगल खरी, पण निरीक्षणही खरं.

मात्र याचा अर्थ मंडळी म्हणजे समतेचं राज्य होतं असा काढू नये. गुलामगिरी ख्रिस्ती लोकांनी मोडली नाही. पौल गुलामाला भाऊ म्हणा म्हणतो, सोडून द्या असं स्पष्ट म्हणत नाही. सुरुवातीला बायकांना मिळालेली पदं पुढच्या पिढ्यांत आवळत गेली आणि बिशपपद पुरुषांकडेच राहिलं.

२५० मध्ये सम्राट डेसियसने नवाच फतवा काढला: साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यातला एक मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. तिच्या श्रद्धेबद्दल कुणाला शंका असणार, पण कागद तिलाही लागलाच! ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांनी बळी दिला, काहींनी लाच देऊन कागद मिळवला. वादळ वर्षभरात ओसरलं आणि हीच माणसं दाराशी आली: आम्हाला परत घ्या. कुणाला घ्यायचं, किती प्रायश्चित्तानंतर, आणि हे ठरवणार कोण? यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतरांनी सभांमागून सभा घेतल्या, रोमच्या मंडळीत फूट पडली. ज्युपिटरच्या देवळाला असा प्रश्न कधी पडलाच नसता. भांडण लाजिरवाणं होतं खरं, पण ज्या गोष्टीत परत येण्यासाठी लोक रांग लावतात, तिची किंमत त्यातूनच दिसते.

सम्राट आत येतो

डायोक्लेशनचा छळ ३०३ मध्ये सुरू झाला तो सगळ्यात मोठा. पूर्वेकडे तो वर्षानुवर्षं चालला आणि फसला. ३११ मध्ये मरणपंथाला लागलेल्या सम्राट गॅलेरियसने माघार घेतली आणि वर ख्रिस्ती लोकांना सांगितलं की आमच्यासाठी तुमच्या देवाची प्रार्थना करा. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर ३१२ ला, कॉन्स्टंटाइनने रोमच्या उत्तरेला मिल्वियन पुलापाशी प्रतिस्पर्ध्याला हरवलं आणि विजयाचं श्रेय ख्रिस्ताला दिलं. त्याला आकाशात काय दिसलं, त्याचा विश्वास खरा होता की राजकारण, यावर लोक सतराशे वर्षं वाद घालत आहेत. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. त्याने काय केलं ते जास्त बोलकं आहे. ३१३ मध्ये लिसिनियस या दुसऱ्या सम्राटाबरोबर सर्व धर्मांना मोकळीक दिली, जप्त मालमत्ता परत केली. पाद्र्यांना शहरातल्या खर्चिक सक्तीच्या पदांतून सूट दिली. मंडळीला वारसाहक्काने मालमत्ता घेण्याची परवानगी दिली. ख्रिस्ती शिकवणीवरचे वाद मिटवण्यासाठी ३२५ मध्ये नायसिया शहरात भरलेल्या परिषदेला बिशपांना सरकारी टपालाच्या गाड्यांतून आणलं. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो मात्र ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर.

साम्राज्याने या धर्माला जन्म दिला नाही. शहराशहरात यादी, पेटी आणि पुढारी असलेली, आधीच चालू असलेली यंत्रणा त्याने आपलीशी केली. पण आता आत येण्याची कारणं बदलली. पूर्वी नुकसान सोसून माणूस सभासद होई, आता बढतीसाठीही होऊ लागला.

जुन्या जखमाही उघड्या पडल्या. उत्तर आफ्रिकेत ३०३ च्या धाडीत ज्यांनी ग्रंथ काढून दिले, त्यांचा आणि त्यांनी नेमलेल्यांचा अधिकार मानायचा की नाही यावर मंडळी उभी चिरली गेली आणि ती फूट शंभर वर्षांहून जास्त टिकली. सिर्टाचा पंचनामा उरला तो त्यामुळेच. झडतीच्या वेळी सिल्वानस नावाच्या उपसेवकाने चांदीचा एक दिवा शोधून अधिकाऱ्यांच्या हवाली केला होता. पुढे तोच सिर्टाचा बिशप झाला, आणि ३२० मध्ये विरोधकांनी त्याच्यावर भरलेल्या खटल्यात जुना सरकारी कागद पुरावा म्हणून वाचून दाखवला.

कॉन्स्टंटाइनचा पुतण्या ज्युलियन ३६१ मध्ये सम्राट झाला, आणि त्याने जुने देव परत आणायचा चंग बांधला. शत्रूची ताकद कशात आहे हे त्याच्याइतकं नेमकं कुणी ओळखलं नसेल. गलातिया प्रांतातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला तो चिडून लिहितो की हे नास्तिक गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्याच नव्हे, आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपण काही करत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. शहराशहरात धर्मशाळा बांधा, असा हुकूम त्याने सोडला. वर्षाला ३०,००० मापं धान्य मंजूर केलं, त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या पदरी असलेल्या गरिबांना आणि बाकीचं वाटसरू व भिकाऱ्यांना. ३६३ मध्ये इराणच्या मोहिमेत तो मारला गेला, त्यामुळे योजना चालली असती की नाही हे तपासायला वेळच मिळाला नाही. तरी एक फरक दिसतोच: मंडळीच्या पेटीत पैसे सभासद टाकत होते, ज्युलियनचं धान्य मात्र राजाच्या कोठारातून येणार होतं.

त्यानंतर दार दुसऱ्या बाजूने बंद होऊ लागलं. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने नायसियाच्या परिषदेत ठरलेला ख्रिस्ती विश्वास हाच प्रजेचा धर्म म्हणून जाहीर केला. ३९१-९२ मध्ये बळी आणि देवपूजेवर बंदी आली, आणि त्याच सुमारास अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं भव्य मंदिर पाडलं गेलं. मधे, ३८४ मध्ये, रोमचा एक जुन्या वळणाचा सरदार सिमाकस याने सिनेटमधली विजयदेवीची वेदी परत बसवा असा अर्ज केला होता. एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, असं त्यात तो म्हणतो. भारतीय वाचकाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. अर्ज नामंजूर झाला.

कायदे शहरांत चालले, खेड्यांत फारसे नाहीत. ५४२ मध्ये, म्हणजे बंदीला दीडशे वर्षं होऊन गेल्यावर, सम्राट जस्टिनियनने योहान नावाच्या धर्मोपदेशकाला आशिया मायनरच्या डोंगराळ भागात पाठवलं. तिथे आपण ७०,००० मूर्तिपूजकांना बाप्तिस्मा दिला, असं तो सांगतो. ज्या मुलखात पौल फिरला होता, त्याच मुलखात!

याच काळात साम्राज्याच्या सरहद्दीबाहेर गोष्ट वेगळी चालली होती. इराणमध्ये राजा झरथुष्ट्री. कॉन्स्टंटाइननंतर तिथले ख्रिस्ती लोक रोमचे हस्तक ठरले आणि शापूर दुसऱ्याच्या कारकिर्दीत त्यांचा जबरदस्त छळ झाला. तरी त्यांची मंडळी वाढली, व्यापारी मार्गांनी पूर्वेकडे सरकली. सहाव्या शतकाच्या मध्यात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने लिहून ठेवलं आहे की मिरीच्या मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि कल्याण नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला एक बिशप आहे. हे आपलंच, उल्हास खाडीवरचं कल्याण असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.